शिवीला बंदी असलेली घरे आणि आपले जुने विनोदी प्रयोग

शनिवारपेठकर

आमच्या शनिवार पेठेतल्या घरात शिवीला सक्त बंदी होती, आणि त्याच घरात पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’ हे कथाकथन सगळे कुटुंब एकत्र बसून ऐकत असे. या दोन गोष्टी एकाच छपराखाली इतकी वर्षे कशा नांदल्या, हा प्रश्न अलीकडे मला वारंवार पडतो. इथल्या मंडळींच्या घरी काय रीत होती ते वाचावे, आणि त्या निमित्ताने जुन्या विनोदी प्रयोगांच्या आठवणीही एकत्र याव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

बंदी कशाला होती हे आधी सांगतो. ‘च्यायला’ या शब्दाला आज कोणी शिवी म्हणून मोजतही नाही, पण तो आजीच्या कानावर गेला तर ती भरल्या पानावरून उठवून चूळ भरायला पाठवत असे. ‘साला’ ही आजोबांच्या मते मवाल्यांची भाषा होती. याउलट ‘गाढव’, ‘टोणगा’, ‘करंटा’, ‘नतद्रष्ट’, ‘अक्कलशून्य’ हे शब्द आजोबांच्या रोजच्या बोलण्यात होते आणि त्यांना कोणी शिव्या म्हणत नसे. आजी स्वतः चिडली की ‘मेल्या’, ‘मुडद्या’ आणि फारच संतापली तर ‘तळपट होवो तुझं’ असे म्हणत असे. शब्दशः पाहिले तर हा नातवाच्या मरणाचा शाप झाला, तरीही तिच्या तोंडून तो ऐकताना आम्हाला कधी भीती वाटली नाही. म्हणजे आमच्या घरात अपमानाला किंवा शापाला मनाई नव्हती. मनाई होती ती शरीराचा आणि आईबहिणीचा उल्लेख करणाऱ्या शब्दांना.

अशा या घरात टेपरेकॉर्डर आला आणि पाठोपाठ कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून कथाकथनाच्या कॅसेटी आल्या. ‘म्हैस’ आणि ‘अंतू बर्वा’ यांना कोणाचाच आक्षेप असण्याचे कारण नव्हते. ‘रावसाहेब’ मात्र निराळे होते. ज्यांनी ते ऐकलेले आहे त्यांना सांगायला नकोच. बेळगावचा हा माणूस कानडी वळणाचे मराठी बोलतो, आणि शिवीवाचून त्याचे बोलणे पुढेच सरकत नाही. रागावला तरी शिवी, गाणे आवडले तरी शिवी, कोणाविषयी जीव कळवळला तरी शिवीच. संगीतावर आणि नाटकावर जीव ओवाळून टाकणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी शिवी हीच दाद होऊन बसते. आमच्या घरी हे कथाकथन लागले की आजोबा मान खाली घालून हसत, आजी वाती वळता वळता थांबत असे, आणि शेवटाकडे येता येता सगळ्यांचे डोळे ओले होत. कॅसेट संपल्यावर त्यातले एक वाक्य माझ्या धाकट्या भावाने तसेच्या तसे म्हणून दाखवले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “ते रावसाहेबांचं आहे, आपलं नाही.” त्यानंतर घरात ते वाक्य कोणी उच्चारले नाही.

वडिलांच्या त्या बोलण्यात आमच्या घराचा सगळा नियम सामावलेला होता असे मला आज वाटते. रावसाहेबांची शिवी चालत असे, कारण ती आमच्यापैकी कोणावर पडत नव्हती, आणि ती एका पुऱ्या माणसाला बरोबर घेऊन येत होती. त्या माणसाचा दिलदारपणा, त्याचे दुःख, त्याचे बेळगाव हे सगळे आधी ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहत असे आणि मग शिवी त्याच्या अंगची होऊन जात असे. भावाच्या तोंडी तीच शिवी उघडी पडली, कारण तिच्यामागे उभा राहील असा माणूस तिथे नव्हता.

याच्या अगदी उलट अनुभव दादा कोंडके यांच्या बाबतीत होता, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य 1965 साली रंगभूमीवर आले आणि त्यातल्या हवालदाराने दादांना घराघरांत पोहोचवले. वडिलांनी ते आपल्या मित्रांबरोबर पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले, त्यातले संवाद ते ओसरीवर मित्रांना म्हणूनही दाखवत. पण आईला ते कधी त्या प्रयोगाला घेऊन गेले नाहीत. शिव्या मोजायच्या म्हटल्या तर त्या लोकनाट्यापेक्षा ‘रावसाहेब’मध्ये अधिक निघतील. मग अडचण कशाची होती? माझ्या मते अडचण द्व्यर्थी बोलण्याची होती. शिवी ऐकणारा माणूस निर्दोष राहू शकतो, कारण शब्द उच्चारणारा दुसराच कोणीतरी असतो. द्व्यर्थी वाक्यात मात्र दुसरा अर्थ ऐकणाऱ्यालाच पुरा करावा लागतो, आणि जो हसला त्याला तो कळला हे शेजारी बसलेल्याला लगेच समजते. बापाला मुलीसमोर, सुनेला सासऱ्यासमोर तसे हसायचे नव्हते. दादांच्या विनोदाची ताकद फार मोठी होती आणि मी त्यांचा मनापासून चाहता आहे, परंतु तो विनोद समवयस्कांच्या घोळक्यात ऐकण्याचा होता, आणि आमच्या घरच्यांनी हा फरक कोणी न शिकवता ओळखला होता.

आपल्या घरी शिवी कशाला म्हणत असत, कोणाला ती देण्याची मुभा होती, आणि कोणता विनोदी कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकला किंवा पाहिला जात असे, हे कृपया सविस्तर लिहावे.

देवगडचा कोथरूडकर

धागा वाचून फार बरे वाटले. आमचे घर मूळचे देवगड तालुक्यातले, आणि वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याला आलो. तुमच्याकडे शिवीला बंदी होती. आमच्याकडे शिवीवाचून माया व्यक्त करण्याची सवयच नव्हती. गावी गेलो की अंगणात पाऊल टाकल्याबरोबर आजी ‘मेल्या, इतके दिवस खंय होतस?’ असे विचारून जवळ घेत असे. ‘शिरा पडली तुझ्या तोंडार’ हे वाक्य ती भांडणात जितक्या सहज वापरत असे तितक्याच सहज कौतुकातही वापरत असे, आणि दोन्हींतला फरक केवळ स्वरावरून ओळखायचा असे. परक्या माणसाशी मात्र ती अतिशय अदबीने बोलत असे. आमच्याकडे कोणी शिवी देईनासे झाले की समजायचे, हा माणूस आपल्यावर खरोखर रागावला आहे.

पुण्यात आल्यावर वडिलांनी हे सगळे आवरते घेतले. सोसायटीत शेजारी काय म्हणतील या धास्तीने ते जपून, पुस्तकी मराठीत बोलू लागले. गावाहून काकांचा फोन आला की त्यांचा आवाज पालटत असे, आणि तेवढा वेळ आम्हाला आमचे जुने वडील परत मिळत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. शहरात येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांनी आपल्या बोलीचा एवढा भाग उंबऱ्याबाहेर ठेवला आहे, आणि त्याची नोंद कुठेतरी व्हावी असे वाटते.

म्हणूनच गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’चे आमच्या घरातले स्थान निराळे आहे. 1980 साली ते नाटक रंगभूमीवर आले आणि पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले. गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवतात, सगळे पौराणिक वीर मालवणी बोलतात, आणि मच्छिंद्र कांबळी यांचे तात्या सरपंच ते नाटक कसेबसे तडीस नेण्यासाठी नटांवर तोंडसुख घेत राहतात. आम्ही ते बालगंधर्व रंगमंदिरात पाहिले तेव्हा आजूबाजूला बहुतेक पुणेकर प्रेक्षक होते. जे शब्द वडील सोसायटीत ओठांवर येऊ देत नसत, त्याच शब्दांना भरलेले नाट्यगृह टाळ्या देत होते. शेजारच्या बाईंनी आईला एका शब्दाचा अर्थ विचारला आणि आईने तो अतिशय सभ्य करून सांगितला. वडील त्या रात्री घरी येईपर्यंत मालवणीतच बोलत राहिले.

तुमच्या मूळ मुद्द्याला मी एवढीच पुस्ती जोडीन की ‘वस्त्रहरण’मध्ये शिवी एकट्या पात्राबरोबर येत नाही, ती सगळ्या गावाला बरोबर घेऊन येते. तात्या ज्यांच्यावर ओरडतात ती माणसे उद्या त्यांच्याच माटवात, म्हणजे मांडवात, बसून जेवणार आहेत, हे प्रेक्षकांना ठाऊक असते.

निवृत्त शिक्षिका

मी विषयाला थोडी वेगळी बाजू जोडते. शिवी कलाकृतीत शोभते की नाही यावर पुष्कळ लिहिले जाते, पण शिवी न वापरता रांगडा माणूस उभा करणे हे किती अवघड आहे याकडे फारसे लक्ष जात नाही. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी महाराष्ट्रभर फिरून कथाकथन केले. मिरासदार पुण्यात स्थायिक झालेले, स्वतः शिक्षक आणि पुढे प्राध्यापक. त्यांच्या भोकरवाडीतले नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर हे काही सोवळे लोक नव्हेत. रिकामटेकडे, थापाडे, भांडकुदळ असेच आहेत. तरीही त्या कथा मी वर्गात मोठ्याने वाचत असे आणि कुठे अडखळावे लागत नसे. त्यांचा विनोद प्रसंगातून आणि माणसांच्या आडमुठ्या तर्कातून येतो. ऐकणाऱ्याला धक्का देण्याची त्यांना गरज पडत नाही. मिरासदार स्वतः सांगत तेव्हा तर चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत, आणि समोरची मुले बाकांवर लोळत.

मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेचे नावही इथे यायला हवे. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ही त्या काळी आमच्या घरातलीच माणसे होती.

आता घरातल्या आणि शाळेतल्या रीतीविषयी. माझ्या माहेरी शिवी दिली तर तोंडात तिखट भरण्याची धमकी मिळत असे, आणि माझ्या एका चुलतभावाच्या तोंडात ते खरोखर भरलेही गेले. तो रडला, आणि पुढे मोठा झाल्यावर आमच्या घराण्यात सर्वांत अर्वाच्य बोलणारा तोच निघाला. शिक्षिका झाल्यावर मी ठरवले की शिवी देणाऱ्या मुलाला मारायचे नाही. ज्या गोष्टीचा राग आला ती गोष्ट त्याने फळ्याजवळ येऊन पुऱ्या वाक्यांत सांगायची, एवढीच शिक्षा मी ठेवली होती. बहुतेक मुलांना राग होता, पण तो सांगायला लागणारे शब्द त्यांच्यापाशी नव्हते. हाताशी होती ती शिवी त्यांनी वापरली होती. वर्ष सरता सरता काही मुले इतके नेमके आणि धारदार बोलू लागली की ज्याच्याविषयी तक्रार असे तो मुलगा शिवी परवडली म्हणत असे.

इंद्रायणीकाठ

मी मावळातला. आमच्या शेजारच्या इंदुरी गावाने महाराष्ट्राला दादू इंदुरीकर दिले. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगातली त्यांची भूमिका पाहिलेली माणसे आमच्या भागात अजून भेटतात, आणि सांगताना उठून उभी राहतात.

आमच्या घराची अवस्था शनिवारपेठकरांच्या घराहून निराळी आणि तरी तीच होती. आजोबा माळकरी होते आणि त्यांच्या तोंडून कधी अपशब्द गेला नाही. पण त्याच आजोबांनी सप्ताहात नाथांचे रोडग्याचे भारूड किती वेळा गायिले असेल याला गणती नाही. त्या भारुडातली सून भवानी आईला नवस बोलते तो सासऱ्याला गावाहून परत येऊ देऊ नकोस, सासूला ने, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे असा बोलते, आणि समोर बसलेल्या सासवा-सुना एकत्र हसतात. तुकोबांनीही दांभिकांना पैजारा मोजून मारण्याची भाषा केली आहे, आणि आजोबा तो अभंग डोळे मिटून म्हणत. देवळात शिवीला जागा नव्हती, पण तिखट बोलण्याला होती.

तमाशा मात्र यात्रेत, आणि फक्त पुरुषांनी पाहायचा असा आमच्या गावाचा दंडक होता. गण, गौळण, बतावणी आणि मग वग असा तो क्रम. माझे मन सगळ्यात रमते ते बतावणीत. सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात, सरदार शहाण्यासारखे काही विचारतो, आणि सोंगाड्या शब्दाला शब्द भिडवत त्या शहाणपणाचा पार चुराडा करतो. यातले बरेचसे लिहिलेले नसते. गावात आदल्या आठवड्यात काय घडले, पाटलाचे कोणाशी बिनसले, पुढच्या रांगेत कोण फेटा बांधून बसले आहे, हे सगळे सोंगाड्या हेरून ठेवतो आणि ऐन वेळी काढतो. आजी आणि चुलत्या देवळाच्या मागच्या भिंतीआड उभ्या राहून ऐकत, हे आम्हाला मोठेपणी कळले. त्यांना सगळ्या बतावण्या पाठ होत्या.

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर सरकारने बंदी आणली होती, आणि मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली, ही गोष्ट इथे नोंदवतो. पुढे फडाला आपल्या वगाची संहिता तपासून घ्यावी लागू लागली. माझे स्वतःचे मत असे आहे की द्व्यर्थी बोलण्याला त्यानंतर अधिकच धार आली. कागदावर लिहिलेली शिवी तपासनिसाला दिसते आणि तो ती खोडतो. सोंगाड्याच्या भुवईत आणि थांबण्यात असलेला अर्थ त्याला कुठे खोडता येणार? शनिवारपेठकरांनी ऐकणाऱ्याने अर्थ पुरा करण्याविषयी जे लिहिले आहे ते मला पटते, आणि त्याच्यामागे ही तपासणीही आहे असे मला वाटते.

नाना पेठ

मूळ लेखातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. रावसाहेबांची शिवी चालत असे, कारण ती आमच्यापैकी कोणावर पडत नव्हती, असे तुम्ही लिहिले आहे. त्या खोलीत बसलेल्यांवर ती पडत नव्हती हे खरे आहे. पण आपल्या भाषेतल्या बहुतेक शिव्या कोणाच्या तरी आईवर, बहिणीवर किंवा कोणाच्या तरी जातीवर पडतात, आणि ती माणसे त्या खोलीत नसत म्हणूनच खोलीला हसता येत असे. मी हे रावसाहेबांविषयी लिहीत नाही. ते कथाकथन माझेही आवडते आहे. मी खोलीविषयी लिहिते आहे.

आम्ही नाना पेठेतल्या वस्तीत वाढलो. सार्वजनिक नळावर पाणी सकाळी थोडा वेळ येत असे आणि त्यावर हंड्यांची रांग असे. त्या रांगेत ज्या बाईला भांडता येत नसे तिच्या घरी पाणी जात नसे. माझ्या आईने शिव्या तिथे शिकल्या, आणि घरी आम्हा बहिणींना त्या देऊ दिल्या नाहीत. पुढे मी जी एकांकिका संमेलने पाहिली त्यांत नळावरच्या भांडणाचा प्रवेश हमखास असे, पदर खोचलेली बाई येत असे, आणि तिने तोंड उघडण्याच्या आधीच लोक हसू लागत. मला त्या हसण्यात सामील होता आले नाही. तिच्या हंड्यात पाणी आले की नाही हे त्या प्रवेशांत कधी दाखवत नसत.

दुसरी गोष्ट जातीची. ज्या घरांत ‘च्यायला’ चालत नव्हते त्यांतल्या अनेक घरांत जातीची नावे मात्र मळकट, अडाणी, आरडाओरडा करणारा अशा अर्थांनी सर्रास वापरली जात. आमच्या शाळेतल्या मैत्रिणी ती माझ्यासमोर वापरत आणि त्यांना त्यात काही गैर आहे असे कोणी सांगितलेले नव्हते. जातिवाचक अपमान 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरला. घरातल्या माजघरात तो त्यानंतरही बराच काळ बोलण्याची एक पद्धत म्हणूनच राहिला. म्हणून कोणी मला सांगितले की आमच्या घरी शिवी नव्हती, तर मी विचारते की घरकामाला येणाऱ्या बाईंविषयी तुमच्या घरात कसे बोलत असत.

आता आनंदाचे लिहिते. बायकांच्या शिव्यांना आपल्या समाजाने एका ठिकाणी मानाची जागा दिलेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमतात आणि वाजतगाजत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. मी तो पाहिला आहे. नव्वारी नेसलेल्या म्हाताऱ्या हातवारे करून असे काही बोलत होत्या की शेजारचे पुरुष लाजून मागे सरकत होते, आणि त्या बायकांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला विसरता येत नाही. त्या दिवशी त्या कोणाची नक्कल नव्हत्या.

आणि विनोदी प्रयोगांत माझ्या मनातले पहिले स्थान राम नगरकर यांच्या ‘रामनगरी’ला आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुल्यांबरोबर वाढलेला हा पुण्याचा नट आपल्या न्हावी घराचे, आपल्या बापाचे, आपल्या लग्नाचे किस्से एकट्याने रंगमंचावर सांगत असे. लोकांनी ज्या गोष्टींवरून त्यांना हिणवले असेल त्याच गोष्टी ते स्वतःच्या तोंडून, कोणाविषयी कडवटपणा न ठेवता सांगत, आणि लोक त्यांच्याबरोबर हसत. माझे वडील नाटकाला कधी गेले नव्हते. ‘रामनगरी’ला ते आम्हा सगळ्यांना घेऊन गेले.

शनिवारपेठकर

‘नाना पेठ’ यांचा प्रतिसाद मी सावकाश वाचला आणि आईलाही वाचून दाखवला. आईने जे सांगितले ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. तिच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या घरात मुलाने शिवी दिली की ‘शिवी देऊ नकोस’ असे म्हणण्याऐवजी अमक्यातमक्यांसारखे बोलू नकोस असे म्हणण्याची पद्धत होती, आणि ते अमकेतमके म्हणजे एखादी वस्ती किंवा एखादी जात असे. बंदी आणि तिरस्कार हे दोन्ही एकाच वाक्यात आम्हाला शिकवले जात होते. पुढे तिने आपल्या नातवंडांना शिकवताना वाक्याचा तो दुसरा भाग गाळला, आणि याविषयी ती कधी बोलली नव्हती. खोलीत कोण नाही याचा विचार केल्याशिवाय खोलीतल्या हसण्याचा विचार पुरा होत नाही, हे मला मान्य आहे.

रावसाहेबांविषयीचे माझे म्हणणे मात्र मी सोडत नाही. शिवीच्या आधी माणूस उभा करण्याची जी कला आहे ती राम नगरकर, मच्छिंद्र कांबळी आणि पु. ल. या तिघांतही आहे, आणि नळावरच्या भांडणाच्या त्या प्रवेशांत नेमकी तीच नव्हती. पदर खोचलेल्या बाईचे नाव, तिचे घर, तिच्या घरातली तहानलेली माणसे लेखकाने पाहिली असती तर तोच प्रवेश निराळा झाला असता.

हिंजवडीत नोकरी

मी वयाने तुम्हा सगळ्यांहून लहान आहे, त्यामुळे भीत भीत लिहितो. आमच्या घरी शिवीविषयी नियम असा कधी सांगितला गेला नाही, कारण एकत्र बसून ऐकण्याचे प्रसंगच उरलेले नाहीत. मी हेडफोन लावून हिंदी आणि इंग्रजी विनोदवीरांचे कार्यक्रम बघतो, आई पलीकडच्या खोलीत मालिका बघते, आणि वडील आपल्या फोनवर जुन्या कथाकथनांचे तुकडे ऐकतात. मी जे बघतो त्यात दर वाक्याला शिवी असते आणि काही वेळाने ती कानांना कळेनाशी होते.

एक निरीक्षण नोंदवतो. कचेरीत आम्ही सगळे मराठी असलो तरी शिवी हिंदीत किंवा इंग्रजीत देतो, आणि घरीही वडील इंग्रजी अपशब्द कानाआड करतात. तोच अर्थ मराठीत निघाला तर ते जेवण थांबवतात. परक्या भाषेतला शब्द आम्हा कोणालाच आपल्या आईपर्यंत पोहोचतो असे वाटत नाही, म्हणून तो हलका वाटत असावा.

माझी मुलगी आता चौथीत आहे. रविवारी दुपारी आजी-आजोबांसह सगळ्यांनी मिळून काहीतरी ऐकावे असे हा धागा वाचून मनात आले. सुरुवात कशाने करावी हे कृपया सुचवावे.

निवृत्त शिक्षिका

‘म्हैस’ने सुरुवात करा. रस्त्यावर म्हैस आडवी आलेली एसटी, तिच्यातले अडकलेले प्रवासी आणि जो तो आपापल्या परीने पुढारी झालेला, हे चौथीतल्या मुलीला सहज कळेल, आणि आजोबांना मध्येच थांबवून तिला काय काय विचारता येईल. पुढच्या रविवारी मिरासदारांची भोकरवाडीची एखादी गोष्ट तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. घरातल्या आवाजाची सर रेकॉर्डला येत नाही. ‘रावसाहेब’ ती सातवी-आठवीत गेल्यावर लावा, आणि लावाल तेव्हा सगळे घर तिथे असू द्या.

देवगडचा कोथरूडकर

आणि पुण्यात कुठेही ‘वस्त्रहरण’चा प्रयोग लागला तर तिला घेऊन अवश्य जा. मालवणी कळली नाही तरी हरकत नाही, शेजारी कोणीतरी आमच्यासारखे बसलेले असेल, त्यांना विचारावे.

इंद्रायणीकाठ

जाता जाता एक विनंती. दादू इंदुरीकरांच्या बतावणीचे ध्वनिमुद्रण कोणापाशी असेल, किंवा कोणाच्या घरातल्या जुन्या माणसांना त्यातले संवाद पाठ असतील, तर कृपया इथे कळवावे. आमच्या गावात ज्यांना ते येत होते त्या आजी-चुलत्यांपैकी आता एकच चुलती हयात आहे. पुढच्या महिन्यात मी तिच्याकडे जाऊन तिला आठवते तेवढे उतरवून घेणार आहे, शिव्यांसकट, आणि तिने परवानगी दिली तर या धाग्यावर टाकीन.

नाना पेठ

अवश्य टाका, आणि चुलतींचे नाव त्यांना चालत असेल तर वर लिहा.